घरातला ससा आणि बाकीची मंडळी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळा तोंडावर आला की सशांविषयीची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत ससा घरात एकटा नाही. आधीपासून कुत्रा, मांजर, पक्षी असं कोणीतरी आहे आणि लेकरांच्या हट्टापायी त्यात सशाची भर पडली आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडं तीन वर्षांचा कारवान कुत्रा आहे. स्वभावानं एकदम गरीब, लेकरांनी कान ओढले तरी काही करत नाही. मुलीनं आता पांढरा ससा आणलाय. दोघांची ओळख कशी करून द्यावी? किती दिवसांनी दोघांना मोकळं सोडता येईल?
(वाचक, लातूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : कधीच नाही. कारवान आणि पश्मी या आपल्या भागातल्या जाती नजरेनं सावज हेरून त्याच्यामागे धावण्यासाठीच पोसल्या गेल्या, आणि ते सावज बहुतेक वेळा ससाच असायचा. लेकरांशी गरीब असणं वेगळं आणि पळत्या सशामागे न धावणं वेगळं. ही धाव रागातून येत नाही, भुकेतूनही येत नाही. समोर काही तुरुतुरु पळालं की कुत्र्याचे पाय उचललेच. पोट भरलेला कुत्राही धावतो. शिवाय सशाला दात लागायलाच हवेत असं नाही. नुसत्या पाठलागानं भेदरून ससा दगावू शकतो, किंवा पिंजऱ्यात उसळी मारताना मागचे पाय इतक्या जोरानं झाडतो की कमरेजवळचा मणका मोडतो.

म्हणून तुमच्या घरात 'मैत्री'चा नाद सोडा. कुत्र्यानं सशाची दखल घेणं बंद केलं, एवढं साधलं तरी पुष्कळ. त्यासाठी पहिला आठवडा दोघांना एकमेकांचं दर्शनही नको. ससा दार लागणाऱ्या वेगळ्या खोलीत ठेवा. सशाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याच्या अंथरुणाजवळ टाका आणि कुत्र्याचं फडकं सशाच्या खोलीत, पण त्याच्या खाण्याच्या जागेपासून लांब. वास जुना झाला की निम्मं कुतूहल ओसरतं. याच दिवसांत कुत्र्याला 'बस' आणि 'सोड' हे दोन शब्द पक्के शिकवा. शब्द एकदाच उच्चारल्यावर तो ऐकत नसेल तर पुढं जाऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात ससा पिंजऱ्यात किंवा जाळीच्या कुंपणात आणि कुत्रा साखळीला, तोही लांब फेरी मारून दमून आल्यावर. अंतर आठ-दहा फूट, वेळ दहा मिनिटं. कुत्र्यानं सशाकडून नजर काढून तुमच्याकडं पाहिलं की लगेच खाऊ द्या. बक्षीस नजर काढण्याचं आहे, शांत बसण्याचं नाही. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, अंगाला बारीक थरथर आणि डोळ्याला डोळा लावून बघणं दिसलं की बैठक तिथंच थांबवा. पुष्कळ लोक याला 'किती शांत बसलाय बघा' म्हणतात. तो शांत बसलेला नसतो, धावेच्या आधीचा थांबलेला असतो. सशाकडूनही खुणा मिळतात. मागचा पाय आपटणं, जमिनीला चिकटून कान पाठीवर दाबणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं याचा अर्थ त्याला ते सोसत नाही. कुत्रा समोर असताना ससा गवत खाऊ लागला तरच दोन-दोन फूट अंतर कमी करा.

लॅब्रेडॉर किंवा घरात वाढलेलं गावठी कुत्रं असतं तर आम्ही यापुढची पायरीही सांगितली असती : दोन-तीन महिन्यांनी, साखळी हातात धरून, जाळीशिवाय. कारवानला जाळीच्या अलीकडंच थांबवा, कायमचं. सशाच्या जागेला दोन अडथळे हवेत, पिंजऱ्याची कडी आणि खोलीचं दार. एक कडी विसरली तरी दुसरी असते. आत दोन तोंडांचं लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, प्रत्येक तोंड साधारण सहा इंच रुंद. एकच तोंड असेल तर ससा कोंडीत सापडतो आणि मग ते खोकंच त्याला नकोसं होतं.

प्रश्न : आमच्या मांजरीनं सशाच्या पाठीवर पंजा मारला होता. बारीकसा ओरखडा होता, हळद लावली, बरा झाला. आठ दिवसांनी तिथं लिंबाएवढी गाठ आली आहे. दुखत असेल असं वाटत नाही. मेडिकलमधून कुत्र्यामांजरांना देतात ती अँटिबायोटिकची गोळी आणली आहे. किती द्यावी?
(वाचक, परभणी)

उत्तर : गोळी देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू फोफावतात आणि ससा जुलाबानं जाऊ शकतो. कुत्र्याला चालणारं औषध सशाला चालतंच असं अजिबात नाही.

गाठ बहुधा पुवाची आहे. मांजराच्या तोंडात आणि नखांत पाश्चुरेला नावाचे जंतू सर्रास असतात. दात किंवा नख टोकदार असल्यामुळं भोक बारीक पडतं, वरून लगेच मिटतं आणि जंतू आत कोंडले जातात. सशाचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही, पनीरासारखा घट्ट असतो. त्यामुळं गाठ दाबून पिळण्यात अर्थ नाही. तिच्याभोवती पिशवी तयार झालेली असते, ती पशुवैद्यकाला पिशवीसकट काढावी किंवा उघडून रोज धुवावी लागते. दुखत नाही असं समजू नका. ससा दुखणं दाखवत नाही. तुमच्या जवळच परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं दाखवा.

पुढच्या वेळी मांजराचा दात किंवा नख लागल्याचा संशय आला तरी त्याच दिवशी न्या. केस बाजूला करून बघा, कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा (एक कप पाण्यात अर्धा चमचा मीठ), हळद नको. हळदीचा थर खालचं भोक झाकतो आणि ससा तो चाटत बसतो.

मांजर आणि ससा एका घरात राहू शकतात. मोठा, दोन किलोंच्या वरचा ससा आणि त्याला लहानपणापासून पाहिलेलं मांजर, ही जोडी कुत्र्यापेक्षा पुष्कळदा बरी जमते. धोका असतो तो सशाच्या पिल्लांना. तीन आठवड्यांचं पिल्लू मांजराला उंदीरच वाटतं. पिंजऱ्याच्या गजांतून पंजा आत जातो, म्हणून बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. मांजराची नखं दर दोन आठवड्यांनी कापा. मांजराच्या शी-शूचा ट्रे सशाच्या वाटेत ठेवू नका आणि सशाच्या गवताच्या गठ्ठ्यावर मांजर झोपू देऊ नका. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी सशात येऊ शकतो. गठ्ठ्याची ऊब मांजराला फार आवडते, म्हणून गवत झाकणाच्या डब्यात किंवा गोणीत तोंड बांधून ठेवा.

प्रश्न : कुत्र्याच्या गोचिडांवर आणलेला फवारा सशाच्या कानातल्या किड्यांसाठी मारला तर चालेल का? थोडाच मारायचा आहे.
(वाचक, नांदेड)

उत्तर : बाटलीवर फिप्रोनिल हा शब्द आहे का बघा. असेल तर एक थेंबही नको. कुत्र्यामांजरांना ते सर्रास वापरलं जातं, सशाला मात्र त्यानं झटके येतात आणि मरण येतं. कधी लगेच, कधी काही दिवस सुस्त राहून, खाणं सोडून. डोस कमी केल्यानं हा धोका टळत नाही.

ससा असलेल्या घरात एवढ्यानं भागत नाही. कुत्र्याच्या मानेवर थेंब सोडलेत आणि ससा त्याच्या शेजारी बसून त्याचे केस चाटू लागला, तर औषध सशाच्या पोटात जातं. म्हणून औषध लावल्यावर कुत्रा निदान दोन दिवस वेगळा ठेवा आणि त्याचं अंथरूण सशाच्या वाटेतून उचला. गुरांच्या गोचिडांवरची औषधं (डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन) काही घरांत कुत्र्याला पाण्यात मिसळून लावतात. घरात मांजर असेल तर ती मांजरासाठी जीवघेणी आहेत. एका जनावराच्या गोचिडांचं औषध घरातल्या सगळ्यांचा विचार करूनच निवडावं लागतं, आणि औषधं विचारताना 'घरात ससाही आहे' हे पहिल्यांदा सांगा.

चुकून फिप्रोनिल लागलंच तर तेवढीच जागा कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवा, लगेच कोरडी करा, ससा चाटणार नाही असं बघा आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

कानात, नाकावर, पंज्यांवर पांढरट-तपकिरी खपल्या दिसत असतील तर ती खरूज असते. खपली ओढून काढू नका, खाली ओलं मांस असतं. रॉकेल, करंज तेल, कापूर घातलेलं तेल हे घरगुती उपाय कातडी भाजतात आणि चाटण्यातून पोटात जातात. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वजन करून डॉक्टर देतात, सहसा दोन-तीन वेळा, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं. पहिल्या डोसनंतर ससा बरा दिसतो आणि लोक पुढचा डोस सोडतात. अंड्यातून निघालेले किडे मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

प्रश्न : आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही. एक पग आणि एक ससा आहे. दोघं हॉलमध्ये कूलरसमोर असतात. तेवढं पुरतं ना? एसी नाही.
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पुरत नाही, आणि त्याचं कारण पगशी जोडलेलं आहे. कूलरसमोरची थंड फरशी पग अडवतो, ससा त्याच्यापासून लांब सोफ्याखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तुम्हाला वाटतं दोघंही कूलरसमोर आहेत. कोपऱ्यात थर्मामीटर ठेवून बघा, चार-पाच अंशांचा फरक सहज दिसेल. दोघांच्या गारव्याच्या जागा वेगळ्या करा.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की तो मार्गही बंद होतो. १५ ते २० अंशांत तो सुखात असतो, २८ च्या पुढं त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. माळवदाच्या (मातीच्या छताच्या) जुन्या घरात, ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) ठेवलेला ससा उन्हाळा निभावून नेतो. वरच्या मजल्यावरचा स्लॅब मात्र रात्री दहापर्यंत तापलेलाच असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ससा ठेवणं म्हणजे त्याला मारणंच.

घरातली उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली निवडा. ती नसेल तर न्हाणीघर किंवा मोरीलगतची जागा, फरशी कोरडी करून. खिडकीला वाळ्याचा किंवा गोणपाटाचा ओला पडदा लावा. कूलर चालवताना समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. बंद खोलीत कूलर तासाभरात नुसती दमट हवा फिरवतो, गारवा देत नाही, आणि दमटपणात सशाच्या लघवीचा अमोनिया नाकाला झोंबतो, तोच पुढं शिंका आणि छातीच्या आजाराला कारण होतो. वारा थेट सशाच्या अंगावर नको. एक-एक लिटरच्या चार बाटल्या पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, बर्फ फुगतो म्हणून दोन इंच रिकाम्या. दोन बाहेर, दोन आत असा फेरा. बाटलीला जुना मोजा किंवा सुती फडकं घाला, म्हणजे ससा तिला टेकून बसतो. शहाबादी फरशीचा दोन फुटांचा तुकडा त्याच्या जागेत टाकला की तो आपण होऊन त्यावर पसरतो. जुना माठ आडवा ठेवून रोज बाहेरून भिजवला तर आत बऱ्यापैकी गार गुहा होते, फक्त तोंड मोठं असावं आणि कडा घासून बोथट केलेली असावी.

पाणी जड मातीच्या वाडग्यात द्या. उलट्या टांगलेल्या बाटलीच्या नळीतून ससा हळू पितो आणि उन्हाळ्यात ते कमी पडतं. दोन किलोंचा ससा एरवी दिवसाला १०० ते ३०० मिली पितो, मेमध्ये त्याहून जास्त. वाडगं दोन ठिकाणी ठेवा, कारण एका वाडग्याजवळ पग बसला की ससा तहानलेलाच राहतो. भाजीपाला धुऊन न झटकता ओलाच द्या. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्याला उचलू, खेळवू नका. त्याचा वावर पहाटे आणि दिवे लागल्यावर. सुटे केस रोज विंचरून काढा. आंघोळ घालू नका, आतले केस तासन्‌तास ओले राहतात आणि भीतीनंच ससा कोसळतो.

लाईट गेली की पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओलं कापड टाका, पूर्ण झाकू नका. कान लालबुंद आणि गरम, तोंड उघडं ठेवून धापा, नाक ओलं, लाळ, एका अंगावर पडणं, ही उष्माघाताची खूण आहे. सशाचं नेहमीचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, त्यापुढं गेलं की मिनिटं मोजायची. कानांवर साध्या गार पाण्याचं फडकं फिरवत राहा, पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ओल्या टॉवेलवर ठेवून गाडीतून दवाखान्यात न्या. पगचंही नाक आखूड असल्यामुळं त्याला उन्हाळा तितकाच कठीण जातो, म्हणून वरचं बहुतेक त्यालाही लागू आहे.

आणि कूलरची वायर. ससा लोंबती वायर एका चाव्यात तोडतो. वायर प्लास्टिकच्या लवचिक पाईपमधून न्या किंवा भिंतीला दोन फुटांवर पट्टीत बसवा. कूलरच्या पाण्याजवळ हा धोका दुप्पट होतो.

प्रश्न : ससा मांजराच्या ताटलीतलं कोरडं खाद्य आवडीनं खातो. भाकरी, शेंगदाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळही खातो. हिरवा लसूणघास रोज पेंडीभर देतो. शेतातली कोवळी ज्वारी देऊ का? वाळलेला कडबा चालेल का?
(वाचक, बीड)

उत्तर : जे तो आवडीनं खातो त्यातलं जवळपास सगळं बंद करावं लागेल. सशाचं आतडं तंतूंवर चालतं. खाण्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक वाळलं गवत हवं, रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. दात आयुष्यभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते झिजतात गवत चघळण्यानं. डाळ, भाकरी, शेंगदाणे चघळावे लागत नाहीत आणि त्यातल्या पिठानं आतड्यात आंबवण सुरू होऊन गॅस होतो. मांजराच्या खाद्यातली चरबी आणि प्रथिनं त्याहून वाईट.

गवत बाजारातून पॅकेटात घ्यायलाच हवं असं नाही. हरळी, मारवेल, डोंगरी गवत फुलोऱ्याच्या आधी कापून सावलीत वाळवा, हिरवट रंग राहिला पाहिजे. पिवळं पडलेलं चालतं, काळपट किंवा कुबट वासाचं नाही. कडब्याची वाळलेली पानं चघळायला देता येतात, पण धाट कडक आणि पोषण कमी, म्हणून गवताला पर्याय नाही, जोड म्हणून. पावसात भिजलेल्या गंजीतला बुरशी लागलेला कडबा नको. कोवळ्या हिरव्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक असतो. गुरं ती खाऊन कशी मरतात हे बीडला सांगायला नको. सशालाही देऊ नका.

लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. सहा महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिल्लाला रोज ठीक, मोठ्याला आठवड्यातून एकदा मूठभर. सशाच्या रक्तात जास्तीचं कॅल्शियम सहज शिरतं आणि लघवीतून बाहेर पडतं. रोजचा लसूणघास चालू राहिला की लघवी दाट पिठासारखी होते, मूत्राशयात गाळ साचतो, पुढं खडा. लघवी तांबूस दिसली तर मात्र घाबरू नका, पाल्यातल्या रंगद्रव्यानंही तसं होतं. रक्ताचा थेंब-गुठळी दिसली किंवा ससा जोर करत असेल तर दाखवा.

हिरवा पाला दोन किलोंच्या सशाला दिवसाला दोन मुठी, दोन-तीन प्रकारचा : कोथिंबीर, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, हरळी, अधूनमधून मेथी. पालक क्वचित. नवा पाला एका वेळी एकच, तीन दिवस मेंगण्या (लेंड्या) बघून मग पुढचा. बाजारच्या कोथिंबिरीवर फवारणी झालेली असते, दोन पाण्यांतून धुवा. गाजर अंगठ्याएवढं, तेही रोज नाही. गोळी खाद्य दिलंच तर किलोमागे २० ते २५ ग्रॅम. मांसासाठी ससे वाढवणाऱ्यांचं खाद्य घेऊ नका, ते चरबी चढवायला बनवलेलं असतं. कांदा, लसूण, चॉकलेट, बटाट्याचा पाला हे कधीही नाही. कुंडीतली कण्हेर, रुई, डिफेनबेकिया त्याच्या तोंडाच्या उंचीपासून दूर.

मांजराची ताटली ओट्यावर, तीन फुटांवर ठेवा. मांजर चढतं, ससा चढत नाही. कुत्र्याचं ताट पंधरा मिनिटांनी उचला. उलट बाजूनं, कुत्रा सशाच्या मेंगण्या खातो म्हणून काही वाचक हैराण आहेत. दिसायला ओंगळ, पण त्यानं कुत्र्याला सहसा काही होत नाही. घोर उलटा हवा : कुत्र्याच्या विष्ठेतली पट्टकृमीची अंडी गवत-पाल्यातून सशाच्या पोटात जातात आणि यकृतात फोड होतात. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. आणि कुत्रा जिथं विधी करतो त्या बांधावरचं गवत सशाला कापू नका. पहाटे ससा आपल्याच मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकट मेंगण्या थेट बुडाशी तोंड लावून खातो, ते नैसर्गिक आहे, अडवू नका.

प्रश्न : ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवले आहेत, दोघं चिकटून झोपतात. काही हरकत?
(वाचक, जालना)

उत्तर : हरकत आहे. सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचे जंतू त्याला काही न करता राहतात, गिनीपिगला त्यांच्यापासून न्यूमोनिया होतो. सशाच्या एका लाथेनं गिनीपिगची फासळी मोडते. खाणंही जुळत नाही : गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला रोज आवळा किंवा पेरूची फोड, ढोबळी मिरची लागते. चिकटून झोपतात कारण दोघांनाही आपल्या जातीचा सोबती नाही. शेजारी-शेजारी पण वेगळे पिंजरे करा.

प्रश्न : दुकानदारानं दोन्ही माद्या म्हणून दिले होते. एकीला सहा पिल्लं झाली! आणि दुसरा आता मांजरीवर चढतो. ऑपरेशन करावं का?
(वाचक, हिंगोली)

उत्तर : आज संध्याकाळपर्यंत नराला वेगळं करा. मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते आणि ३०-३२ दिवसांत पुढची वेत येते. बाजारातल्या दीड महिन्याच्या पिल्लांचं लिंग ओळखणं दुकानदाराला जमत नाही हे गृहीतच धरा. दहा-बारा आठवड्यांचं झाल्यावर पोटाकडून हलकेच दाबून बघितलं की नराचं छिद्र गोल, मादीचं उभ्या फटीसारखं दिसतं.

नराची नसबंदी चौथ्या महिन्यानंतर, मादीची सहाव्याच्या सुमाराला. नराला त्यानंतरही सहा आठवडे मादीपासून दूर ठेवा, शुक्राणू तितके दिवस उरतात. मादीचं ऑपरेशन नुसतं पिल्लं टाळायला नाही. ऑपरेशन न झालेल्या माद्यांत तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार सर्रास आढळतो. मांजरीवर चढणं थांबवायला दुसरा मार्ग नाही, आणि मांजरीची एक चापट सशाचा डोळा घालवू शकते.

डॉक्टर निवडताना एकच प्रश्न विचारा : 'ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवू?' कुत्र्याला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊ शकते. सशाला उलटी होतच नाही आणि उपाशी ठेवला तर आतडं थांबतं. 'बारा तास' असं उत्तर आलं तर दुसरीकडं जा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत आधी चौकशी करून जाता येईल. तोवर त्या सहा पिल्लांना मांजरीपासून दार बंद खोलीत ठेवा आणि आठ आठवड्यांच्या आत कोणाला देऊ नका.

प्रश्न : ज्वारी काढताना शेतात सशाची दोन पिल्लं सापडली, आई नव्हती. घरी पाळलेल्या सशिणीजवळ ठेवली तर ती पाजेल का?
(वाचक, धाराशिव)

उत्तर : नाही. तो रानससा आहे, वेगळी जात, घरच्या सशाशी त्याचा संकरही होत नाही. त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊनच जन्मतात आणि दबा धरून निपचित बसतात. आई मुद्दाम लांब राहते, दिवस मावळल्यावर थोडा वेळ येऊन पाजते. म्हणजे ती पोरकी नव्हतीच. आजच उचलल्या जागेजवळ, बांधाच्या कडेच्या गवतात ठेवा, कुत्री आवरा आणि तिथून निघा. माणसाचा वास लागला की आई टाकते ही समजूत खरी नाही. गाईचं दूध पाजू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पाळता येत नाही. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

प्रश्न : धाकट्या मुलाच्या हातावर गोल लाल चट्टे आले आहेत. ससा आणि मांजर दोघांचेही केस गळतात. ससा द्यावा का कोणाला?
(वाचक, नांदेड)

उत्तर : द्यायची गरज नाही. हे गजकर्ण असावं. ही बुरशी मांजर, ससा, माणूस तिघांत फिरते, आणि पुष्कळदा सुरुवात मांजरापासून असते, त्याच्या अंगावर चट्टा दिसत नसला तरी. दोन्ही जनावरांना एकाच वेळी उपचार करा, एकाला करून दुसऱ्याला सोडलं तर ती घरात फिरतच राहते. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडं न्या. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमानं खाज थांबते, पण बुरशी पसरते. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका.

प्रश्न : बजरीगरचा पिंजरा आणि सशाचा पिंजरा एकाच खोलीत चालेल? घरात एक कीर पोपटही आहे.
(वाचक, लातूर)

उत्तर : चालेल, पण पक्ष्यांचा पिंजरा सशाच्या डोक्यावर टांगू नका. वरून सांडलेले राळे-बाजरीचे दाणे ससा दिवसभर टिपत बसतो आणि त्यावर विष्ठा पडलेली असते. मध्ये निदान चार फूट अंतर आणि खाली पसरट ट्रे. पहाटे पक्षी ओरडू लागले की ससा खाण्याच्या ऐन वेळी दचकतो, म्हणून उजाडेपर्यंत पक्ष्यांवर कापड ठेवा. कीर पोपट मात्र कोणत्याच पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तोही रानसशासारखा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो वन विभागाकडं सोपवा, आपण होऊन उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर खाणं शोधता येत नाही.